राणीचे वडील

मी अमेरिकेत गेले ती मातीचा अभ्यास करायला. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज हे गाव आणि नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मृदाशास्त्र म्हटलं की बाकीची मराठी पोरं म्हणायची, "यार, एवढ्या लांब येऊन मातीच खाल्लीस!" त्यांना कॉम्प्युटरच्या नोकऱ्या मिळणार होत्या आणि मला मक्याच्या शेतातल्या चिखलाचे नमुने. मी चिडायचे. चिडणं मला लहानपणापासून उत्तम जमतं, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातही ते दिसेलच.

आम्ही तिघी मराठी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. एक पुण्याची, संख्याशास्त्र शिकणारी. दुसरी मुंबईची, कॉम्प्युटरवाली. तिसरी मी, नागपूरची. टीव्हीवर धड काही दिसायचं नाही आणि हिवाळा हटता हटायचा नाही. तेव्हा करमणुकीचं खातं माझ्याकडे आलं. गावच्या लायब्ररीतून मी रशियाच्या राजघराण्यातल्या बायकांवरची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली होती. संध्याकाळी त्या दोघी पोळ्या-भाजी करायच्या आणि मी ओट्यावर बसून त्यातला पुढचा भाग मराठीत सांगायचे. माझी स्वयंपाकातून सुटका व्हायची, त्यांचं मन रमायचं.

सांगताना मी कल्पनेला मोकळं सोडायचे. रशियाची ती थोरली सम्राज्ञी माझ्या तोंडून अगदी आपल्याकडची खमकी सासू होऊन बाहेर पडायची. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिने भाच्याला गादीवर बसवायचं ठरवलं आणि त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली. कुठल्याशा लहान जर्मन संस्थानातली, पैशाने बेताची पण घराण्याने चांगली अशी एक मुलगी पसंत पडली. चौदा-पंधरा वर्षांची पोर आईबरोबर बर्फातून घसरगाडीत बसून निघाली. "दाखवायचा कार्यक्रम," मी म्हणायचे, "फक्त कांदेपोहे नव्हते." भाचा देवीच्या व्रणांनी विद्रूप झालेला, लग्नाच्या वयातही लाकडी शिपायांशी खेळणारा. मुंबईची मैत्रीण हातातला कालथा आपटून म्हणायची, "पळून जा ना, मूर्ख!"

गोष्ट ऐकायला शुक्रवारी तो यायला लागला. तो पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होता. जेवायचा, मग न सांगता सगळी भांडी घासायचा. मी प्रेमात पडले ती त्या भांड्यांमुळे, असं माझ्या मैत्रिणी अजूनही म्हणतात. असेलही. आमच्याकडे नागपुरात पुरुषांपैकी भांडी घासताना मी फक्त बाबांना पाहिलं होतं.

मी बौद्ध आहे हे त्याला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. लपवण्याचा माझा स्वभाव नाही. माझ्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, पण अमेरिकेत ती कुणाच्याही टेबलावर असते, दिव्यापाशी, शोभेला. म्हणून तोंडाने सांगावं लागलं. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही यार." तो खोटं बोलत नव्हता. आज इतक्या वर्षांनीही मी हेच म्हणेन.

उन्हाळ्यात मुंबईची मैत्रीण इंटर्नशिपसाठी रेडमंडला गेली आणि त्याची आई पुण्याहून आली. त्याच्या घरात चार पोरं, बाथरूममध्ये पाय ठेवायची सोय नाही. म्हणून काकू आमच्याकडे, रिकाम्या खोलीत राहायला आल्या. आल्या त्या मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा फ्रिज रिकामा करून पुसला. मला त्या आवडल्या. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला वाटेल की मी एका दुष्ट बाईची गोष्ट सांगते आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?"

"शाळेत भूगोल शिकवतात."

"वा! आणि मूळचे तुम्ही कुठले? आडनावावरून काही कळत नाही बाई."

"काकू, आम्ही बौद्ध."

त्या कणीक मळत होत्या. हात थांबले. मग त्या म्हणाल्या, "हो का," आणि थोड्या वेळाने, "तेल कुठे ठेवलंयस?" मी तेल दिलं. त्या दिवशी रात्रीचं वरण मी केलं होतं, आणि काकूंनी ते दोनदा वाढून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला. माझं वरण चांगलं होतं म्हणून कोणीही दोनदा घेतलं असतं. त्यात उपकार कसले?

काकूंना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड होतं. पेशव्यांच्या घरातल्या बायका त्यांना शेजारणींइतक्या ठाऊक. माझी रशियाची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगायला लावली आणि पुढे तर त्याच विचारायच्या, "चल, बस ओट्यावर. सुनेचं काय झालं?" त्या भाजी चिरता चिरता न्यायनिवाडा करायच्या. सम्राज्ञीबद्दल म्हणायच्या, "तापट आहे, पण मनाने वाईट नाही."

त्या जर्मन मुलीचं आजारपण आलं तेव्हा तर त्यांनी विळी बाजूला ठेवली. मुलगी रशियन भाषा शिकायची म्हणून थंडगार फरशीवर अनवाणी फेऱ्या मारत धडे पाठ करायची. तिला फुप्फुसाचा आजार झाला. वाचते की नाही अशी वेळ आली. तिच्या आईने विचारलं, आपल्या पंथाचा धर्मगुरू बोलावू का? मुलगी म्हणाली, नको, इथला बोलवा. ते ऐकून सम्राज्ञीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलीची जागा पक्की झाली.

"काय हुशार हो पोरगी!" काकू म्हणाल्या. "एवढ्याशा वयात कळलं तिला."

पुढे तिने धर्म बदलला. तिला नवं नाव मिळालं. रशियात नावापुढे बापाचं नाव लावतात, तर तेही तिच्या बापाचं लावलं नाही, दुसऱ्याच कोणाचं लावलं.

"आपल्याकडे निदान नवऱ्याचं तरी लावतात!" पुण्याची मैत्रीण म्हणाली आणि आम्ही सगळ्या हसलो.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी काकूंनी मला खोलीत बोलावलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांना आमचं माहीत होतं. त्यांनी विचार केला होता, त्याच्या बाबांशी फोनवर बोलल्या होत्या, भांडल्याही होत्या. "मी हो म्हणून घेतलंय त्यांच्याकडून," त्या म्हणाल्या. "सोपं नव्हतं बाळा, पण घेतलं."

मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतातच. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. एक मंजुळ नाव त्यांनी निवडूनही ठेवलं होतं, पेशवाईतल्या कोणा मोठ्या बाईचं. आडनाव तर बदलणारच. मग विचारतंय कोण? "आणि लग्न इथेच करू," त्या म्हणाल्या. "पिट्सबर्गजवळ देऊळ आहे ना, तिथे. त्याच्या दोन मावश्या न्यू जर्सीत आहेत, त्यांची मंडळी येतील. तुझ्या आईवडिलांना एवढ्या लांब कशाला दगदग? पुण्याला आलो की निवांत भेटू त्यांना."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. आमच्या घरात असं वाकत नाहीत, पण मी वाकले, कारण मी खूश होते. दोन दिवस मी प्रयोगशाळेत ते नवं नाव मनात घोळवत होते. मातीच्या डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठीवर लिहूनही पाहिलं. वाईट दिसत नव्हतं.

शुक्रवारी गोष्टीत लग्न यायचं होतं. काकूंनी साखरभात करायला घेतला होता. "राणीचं लग्न आहे, गोड नको का?" असं म्हणून. मी दुपारी बसमध्ये तो भाग वाचून काढायला घेतला. रुपेरी जरीचा इतका जड पोशाख, की पोरीला हलता येईना. डोक्यावर मुकुट, त्याने कपाळ ठणकायला लागलं. पाहुण्यांची नावंच नावं. आणि मध्ये दोन ओळी तिच्या वडिलांबद्दल. साधा, सरळ, शिपाईगडी माणूस. आपला धर्म सोडू नकोस, असं त्याने मुलीला निघताना बजावून सांगितलं होतं. त्याला लग्नाला बोलावलंच नाही. आई होती, वडील नाहीत. कादंबरीकाराने तिथे थांबायचीही तसदी घेतली नव्हती. लगेच पुढच्या वाक्यात मेजवानी सुरू.

माझा स्टॉप येऊन गेला. मी पुढे वाचत राहिले. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी ते वडील गेले. मुलगी रडत होती. आठवड्याने सम्राज्ञीचा निरोप आला की आता पुरे, तुझे वडील काही राजे नव्हते.

संध्याकाळी मी ओट्यावर बसले. साखरभाताचा केशराचा वास घरभर होता. तो टेबलाशी, मैत्रीण पोळ्यांशी, काकू गॅसशी. मी पोशाख सांगितला, मुकुट सांगितला. मग ते वडील सांगितले, आणि "राजे नव्हते" हेसुद्धा सांगून टाकलं.

"काकू," मी विचारलं, "वडिलांना का नसेल बोलावलं?"

काकूंनी गॅस बारीक केला. "अगं, राजघराण्याच्या रीती असतात त्या."

"पण आई चालली. वडील का नाही?"

"त्यांनी आडकाठी घातली असती. धर्माचं काढलं असतं चारचौघांत." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांना कळलं मी काय विचारते आहे. "कादंबरी आहे ती," त्या हळू म्हणाल्या. "कादंबरीतलं सगळं आपल्या अंगाला लावून घ्यायचं नसतं."

तो ताटाकडे बघत राहिला. साखरभात कोणी फारसा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळघरातल्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालत होते. तो तिथे आला. रागात होता.

"तू आईला सगळ्यांसमोर टोमणा मारलास. तिने किती फाइट केलंय तुला माहितीये? बाबा तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते."

"माहितीये. म्हणूनच विचारतेय. माझे बाबा लग्नाला का नाहीत?"

"नंतर बोलवू ना त्यांना. आय प्रॉमिस. तिकीट पाठवू, महिनाभर राहतील. नायगारा दाखवू."

"लग्नाला का नाही?"

त्याने ड्रायरवर हात टेकले. तो वाईट मुलगा नव्हता, म्हणून त्याला खरं बोलावं लागलं. "हे बघ. मावश्यांना काही सांगितलेलं नाही. समज, तुझे बाबा हॉलमध्ये आले. सगळे ओळीने बसलेत. ते आल्या आल्या काय म्हणणार? नमस्कार म्हणणार?"

"जयभीम म्हणणार."

"देन? तिथेच सगळं संपलं ना."

त्याचं बरोबर होतं. बाबा जयभीमच म्हणणार होते. एकदा फोनवर त्यालाही म्हणाले होते आणि तो "हॅलो काका" म्हणाला होता. दूधवाला असो, शाळा तपासायला आलेला साहेब असो, बाबांचा पहिला शब्द तोच. माझ्या आजोबांना गावात वरच्या लोकांपुढे कमरेत वाकून "जोहार मायबाप" म्हणावं लागायचं. मग नागपुरात दीक्षा झाली. बाबा तेव्हा शाळकरी पोर, गर्दीत आजोबांच्या खांद्यावर बसलेले. त्या दिवसापासून आमच्या घरातला जोहार संपला आणि जयभीम आला. मुख्याध्यापकाची जागा हुकली, तेव्हा सहकाऱ्यांनी बाबांना समजावलं होतं की गुरुजी, साहेबाला नमस्कार म्हणायला काय जातं? बाबा म्हणाले होते, "ज्याचं जात नाही त्याने म्हणावं."

रविवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. बाबांना मी मुलाबद्दल आधीच सांगितलेलं होतं. आता एवढंच सांगितलं की ते लोक तयार आहेत, पण लग्न इकडेच, देवळात करायचं म्हणतात.

बाबांनी विचारलं, "मुलगा चांगला आहे नं, बेटा?"

"चांगला आहे."

"आणि आम्ही? आम्ही यायचं का नाही?"

फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येत होती. मी काहीच म्हटलं नाही, पण बाबांनी आयुष्यभर न म्हटलेलंच जास्त ऐकलेलं होतं.

"माझ्यामुळं अडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"तसं असंल तर सांग. मी पैसे जमवतो तिकिटाचे. कोट घालीन. कोणाशी बोलणार नाही फारसं. आणि मी नमस्कार म्हणीन नं. एक दिवसाचं तर आहे."

"बाबा, नको."

"काहून नको? येते मले." आणि ते घसा खाकरून, शाळेत पाहुण्यांसमोर बोलत त्या आवाजात, माझ्याशी म्हणाले, "नमस्कार." मग विचारलं, "बरोबर आलं का?"

मी फोन ठेवला आणि मोठमोठ्याने रडले. पुण्याची मैत्रीण धावत आली. तिला वाटलं, घरी कोणी गेलं.

सोमवारी मी त्याच्या डिपार्टमेंटबाहेर जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर तेव्हाही मी नाही म्हणायला गेले नव्हते. त्याला हे कळलं पाहिजे एवढंच मला हवं होतं. माझे बाबा काय सोडायला तयार झाले ते ऐकून तो गप्प होईल, मग म्हणेल की नाही, त्यांनी यायचं आणि जे म्हणायचं तेच म्हणायचं, मावश्यांचं मी बघतो. माझी सगळी आशा त्या एका वाक्यावर होती. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी "बरोबर आलं का" पर्यंत.

त्याचा चेहरा उजळला. "सी?" तो म्हणाला. "काका किती समजूतदार आहेत! मग प्रॉब्लेमच सॉल्व्ह झाला ना यार. मी आईला सांगतो."

आणि तो खरोखरच आनंदाने मला जवळ घ्यायला पुढे आला. मी मागे सरले. मी त्याला तिथेच सांगितलं की मी लग्न करणार नाही. त्याला आधी थट्टा वाटली, मग तो रडला. मीही रडले. जाणाऱ्या-येणाऱ्या अमेरिकन पोरांनी आम्हाला वाट सोडून दिली.

काकू दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी राहायला गेल्या. जाताना भाजणीचा डबा आमच्याकडेच ठेवला. दारात थांबून त्यांनी विचारलं, "मी असं काय वाईट मागितलं होतं गं? तुझे वडीलसुद्धा हो म्हणाले ना?" त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. आणि त्या गेल्यावर मला त्यांची आठवणही आली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. कादंबरी मी अर्धवट सोडून परत केली.

बाबांना मी फोनवर सांगितलं की लग्न मोडलं आणि ते मीच मोडलं. तुमचा काही संबंध नाही, असंही सांगितलं. ते "बरं" म्हणाले. पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, ते दशक संपता संपता, माझ्या पदवीदान समारंभाला बाबा आले. शिवून घेतलेला नवा कोट घालून. समारंभ संपल्यावर हिरवळीवर एक मराठी कुटुंब भेटलं, नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा. "हे माझे वडील," मी म्हटलं. मी वाट बघत होते ती त्या एका शब्दाची. किती दिवसांनी तो समोरासमोर ऐकायला मिळणार होता.

बाबांनी हात जोडले, आणि थांबले. त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत राहिले. समोरचा आधी काय म्हणतो याची ते वाट बघत होते.

"नमस्कार," ते गृहस्थ म्हणाले.

"नमस्कार, नमस्कार," बाबा घाईघाईने म्हणाले, आणि बरोबर आलं का ते बघायला माझ्याकडे वळले.